प्राण्यांमध्ये काम करायला परदेशी चाललाय? आधी लसींचं बघा

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच विषयावरची इतकी पत्रं निघाली की म्हटलं अख्खं सदर त्यालाच देऊ. कुणी व्हेटर्नरीचं शिकतंय, कुणी रिटायर होऊन माकडांच्या सेंटरवर व्हॉलंटियर म्हणून चाललंय, कुणाचा मुलगा वटवाघळं सांभाळायला निघालाय, आणि सगळ्यांना विचारायचंय ते एकच, जायच्या आधी कुठल्या लसी घ्यायच्या. बहुतेक जण फक्त देशाचं नाव लिहून थांबलेत. मला मात्र त्याच्याही आधी हे कळायला हवं असतं की तिकडे तुमचे हात कशात असणार आहेत. एकाच देशात आठवडाभर फिरून येणारा आणि तिथेच दोन महिने पिंजरे साफ करणारा, या दोघांची लसींची यादी एकसारखी नसते. त्यामुळे क्लिनिकमध्ये गेलात की "परदेशी चाललोय" एवढंच मोघम सांगू नका. कुठला प्राणी, पिल्लं की मोठे, लाळ, रक्त, व्यालेल्या जनावराची वार यांना हात लागणार का, जवळचं मोठं हॉस्पिटल किती तासांवर आहे, सगळं सांगा. आणि खाली मी जे लिहिलंय ते सर्वसाधारण आहे, तुमची तब्येत, चालू गोळ्या, ॲलर्जी बघून शेवटचा निर्णय तुम्हाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरचाच.

प्रश्न : मॅडम, मी व्हेटर्नरीच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत दोन महिने परदेशात भटक्या कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीच्या कॅम्पला चाललेय. सीनियर्स म्हणतात रेबीजची इंजेक्शनं चावल्यावर घ्यायची असतात, आधी घेऊन काय उपयोग, चावलं तर परत घ्यावीच लागतात. खरं आहे का?

अगं, परत घ्यावी लागतात एवढं खरंय, पण किती आणि कुठली, सगळा फरक तिथेच आहे. या लसीची सुरुवातच मुळी चावल्यानंतर देण्यापासून झाली, १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ती दिली, त्यामुळे चावल्यावर घ्यायची लस हेच लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं.

आता समज, तू काहीच न घेता गेलीस आणि टेबलवर भुलीतून अर्धवट जागं झालेलं मांजर कडाडून चावलं, रक्त आलं. तर तुला आठवडा-दोन आठवडे किंवा महिनाभर चालणारा लसीचा पूर्ण कोर्स लागणार आणि शिवाय इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लोक ज्याला सिरम म्हणतात ते, जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचावं लागणार. लसीने शरीरात अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस तरी जातात, तोपर्यंत व्हायरसला जखमेतच अडवायला हे तयार अँटीबॉडीचं सिरम. ते वजनावर देतात, माणसांपासून बनवलेलं असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्यांपासूनचं असेल तर ४०. आणि नेमकं हेच मिळत नाही. लस बहुतेक ठिकाणी मिळून जाते, सिरम मात्र जगात कितीतरी देशांत राजधानीच्या एखाद्या हॉस्पिटलमध्येच असतं, किंवा तेव्हा तिथेही संपलेलं असतं. चावा बोटावर असेल तर तिथे जागाच नसते, त्या ताणलेल्या कातडीत सिरम भरताना भलेभले कळवळतात.

आणि आधी लस घेऊन गेलेली असशील तर? सिरम लागतच नाही. फक्त दोन डोस, एक त्याच दिवशी आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी. शरीराने व्हायरसची ओळख आधीच करून घेतलेली असते त्यामुळे ते पटकन कामाला लागतं. लांबच्या गावातल्या छोट्या दवाखान्यातसुद्धा हे जमण्यासारखं आहे. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या यादीत ही एकच लस अशी आहे जिच्यावाचून मी तुला जाऊ देणार नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वर्षाला सुमारे ५९ हजार मृत्यूंचा आहे आणि माणसाला रेबीज होतो त्यातल्या ९९ टक्के वेळा कारण कुत्रं असतं.

आधीचा कोर्स सोपा आहे. संघटनेने २०१८ पासून दोनच फेऱ्या पुरेशा सांगितल्यात, एक आज आणि दुसरी त्यानंतर सात दिवसांनी. काही देशांत अजून तीन डोस देतात, तिसरा २१ ते २८ दिवसांच्या मध्ये कधीतरी, आणि काही संस्था तीन डोसचंच सर्टिफिकेट मानतात, म्हणून कॅम्पवाल्यांना आधीच मेल टाकून विचार. लस दंडाच्या स्नायूत देतात किंवा कातडीत थोडी थोडी दोन ठिकाणी. मलेरियासाठी क्लोरोक्विन चालू करणार असशील तर डॉक्टरला सांग, कारण त्या गोळीने कातडीतल्या लसीचा परिणाम कमी होतो, मग स्नायूतच घ्यायची. तू तर पुढे जन्मभर याच कामात राहणार आहेस, तर नंतर अधूनमधून रक्तातला टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, तपासून घेत जा, ०.५ युनिटच्या खाली गेला की एक बूस्टर.

पण लस घेतली म्हणून धुणं सोडायचं नाही हं. चावलं, ओरबाडलं, ताज्या जखमेवर लाळ उडाली की लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून १५. लोक अर्धा मिनिट धुतात आणि पट्टी बांधून परत कामाला लागतात. पाण्याखाली हात धरून उभं राहिलं की तीन-चार मिनिटांतच वाटायला लागतं की झालं आता, तिथे थांबायचं नाही, फेस करायचा, जखमेच्या आतपर्यंत पाणी जाऊ द्यायचं, परत साबण. मग पोव्हिडोन आयोडीन. टाके लगेच घालू द्यायचे नाहीत. आणि "या कुत्र्याला लस दिलीय, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तरी दवाखान्यात जायचं. दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवायचा नियम फक्त कुत्र्या-मांजरांसारख्या पाळीव प्राण्यांचा आहे, तेही आपले डोस सुरू करून ठेवायचं, वाट बघत बसायचं नाही.

धनुर्वाताचं पण बघ. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर दहा वर्षांनी बूस्टर लागतो, पण चाव्याची घाणेरडी जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर परत द्यावा लागतो. म्हणून जायच्या आधीच घेऊन मोकळी हो.

प्रश्न : आमचं अचानक ठरलं, १२ दिवसांनी फ्लाइट आहे. डुकरांच्या फार्मवर काम आहे, आशियात, आजूबाजूला भातशेती. आता लसी घेऊन काही फायदा आहे की उशीर झाला?

उशीर झालाय, पण फायदा आहे, आणि खूप आहे. एरवी मी सहा ते आठ आठवडे आधी या म्हणते, पण १२ दिवसांतही बरंच बसतं, फक्त आजच क्लिनिकला जा, उद्यावर ढकलू नका.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी जपानी मेंदूज्वराचं बघेन. फिरायला जाणाऱ्यांना ही लस बऱ्याचदा लागतही नाही, तुमचं काम मात्र नेमकं त्या व्हायरसच्या घरात आहे. तो पाणथळ जागेतल्या बगळ्यांसारख्या पक्ष्यांमध्ये असतो, क्युलेक्स डासांमार्फत डुकरांमध्ये येतो, डुकरांच्या रक्तात भरपूर वाढतो आणि तिथून डास तो माणसात आणतात. भातखाचरं, डुकरं, डास, सगळं एका ठिकाणी. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, पण ज्यांचा मेंदू सुजतो त्यातले ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांना कायमचं काहीतरी मागे राहतं. २०२२ साली ऑस्ट्रेलियात हा आजार पसरला तेव्हा तोही कितीतरी डुक्कर फार्मवर सापडला होता. लसीचे दोन डोस एरवी २८ दिवसांच्या अंतराने असतात, पण १८ ते ६५ वयाच्या लोकांसाठी सात दिवसांच्या अंतराचं वेळापत्रक आहे. आज पहिला घेतला तर दुसरा जायच्या आधी बसतो. तरी पहिला आठवडा संध्याकाळी लांब बाह्या आणि मच्छर पळवणारं क्रीम याच्यात कसूर नको, नंतरही नकोच.

रेबीजचे दोन डोस त्याच दोन फेऱ्यांमध्ये होतात, वेगवेगळ्या हातावर. हिपॅटायटिस ए म्हणजे साधी कावीळ, त्याचा एक डोस जायच्या आधी घेतला तरी चांगलं संरक्षण मिळतं, दुसरा सहा महिन्यांनी वगैरे घ्यायचा. टायफॉइड, धनुर्वात उरकून टाका. हिपॅटायटिस बीचं ०, ७, २१ दिवसांचं घाईचं वेळापत्रक आहे ते तुमच्या १२ दिवसांत पूर्ण होत नाही, सुरू करून उरलेलं तिकडे करता येतंय का ते विचारा. एक फ्लूचीही घ्या. डुक्करांना आपला फ्लू होतो आणि आपल्याला त्यांचा, आणि एकाच शरीरात दोन वेगळे फ्लू एकत्र आले की त्यांची अदलाबदल होऊन नवीनच काहीतरी तयार होऊ शकतं, तेव्हा ही लस तुमच्यासाठी आहे तशीच बाकीच्यांसाठीही आहे.

प्रश्न : माझा मुलगा ऑस्ट्रेलियात जखमी वटवाघळांच्या रेस्क्यू सेंटरवर चाललाय. ऑस्ट्रेलियात तर रेबीज नाही असं सगळीकडे लिहिलंय, मग संस्था रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट का मागतेय? उगाच इंजेक्शनं का टोचायची पोराला?

तुमची काळजी समजते, पण संस्था बरोबर मागतेय, आणि खरं सांगते, ते न मागणारी संस्था असती तर मी त्याला जाऊ नको म्हटलं असतं.

रेबीजमुक्त देश म्हणजे तिथल्या कुत्र्यांमध्ये आणि जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये रेबीज नाही. वटवाघळांचा हिशेब वेगळा असतो. ऑस्ट्रेलियात १९९६ साली तिथल्या मोठ्या फळं खाणाऱ्या वटवाघळात एक व्हायरस सापडला, ऑस्ट्रेलियन बॅट लिसाव्हायरस, रेबीजचा अगदी सख्खा भाऊ म्हणा. माणसाला झाला तर आजारही तसाच आणि शेवटही तसाच. क्वीन्सलँडमध्ये १९९६, १९९८ आणि २०१३ साली त्याने माणसं दगावलीत, २०२५ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये आणखी एक. १९९६ साली गेलेली बाई वटवाघळांची देखभाल करायची. आणि १९९८ वाल्या बाईला वटवाघूळ चावून दोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता, म्हणजे चावल्यावर महिनाभर काही झालं नाही म्हणून सुटलो असं इथे समजता येत नाही. ब्रिटनमध्येही तेच. तो देश रेबीजमुक्तच, पण २००२ साली स्कॉटलंडमध्ये वटवाघळांवर काम करणारा एक माणूस तिथल्या वटवाघळांमधल्या अशाच व्हायरसने गेला, त्याने लस घेतलेली नव्हती.

चांगली गोष्ट ही की नेहमीची रेबीजचीच लस या ऑस्ट्रेलियन व्हायरसवर चालते, वेगळी काही लागत नाही. लस घेतल्याशिवाय वटवाघळाला हातच लावायचा नाही हा तिकडे देखभाल करणाऱ्यांचा साधा नियम आहे, आणि टायटरचा रिपोर्टही विचारू शकतात, तेव्हा नीट वेळ ठेवून सुरू करा. मुलाला एक गोष्ट मात्र पक्की सांगा, वटवाघळाचे दात आणि नख्या बारीक असतात, ओरखडा दिसतो न दिसतो असा असतो, तरी तो चावाच धरायचा. लगेच धुवायचं आणि त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायचं, संध्याकाळी बघू नको. हातमोजे हवेतच, पण घाबरलेलं वटवाघूळ टॉवेलमध्ये गुंडाळताना मोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची पट्टी उघडी राहते आणि ते नेमकं तिथेच पकडतं.

तो तिकडे जाऊन गुरं, मेंढ्या किंवा कत्तलखान्याकडचंही काही काम करणार असेल तर क्यू फीवर, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणारा एक तापाचा आजार, त्याच्या लसीबद्दल विचारा. ही लस ऑस्ट्रेलियात मिळते आणि तिच्या आधी रक्ताची आणि कातडीची तपासणी करावीच लागते, कातडीचा निकाल सात दिवसांनी बघतात. कारण ज्याला हा आजार नकळत होऊन गेलाय त्याला लस दिली तर फार वाईट रिॲक्शन येते.

प्रश्न : वय ६३, बीपीची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. रिटायरमेंटनंतर दक्षिण अमेरिकेत हाउलर माकडांच्या पुनर्वसन केंद्रात तीन महिने जायचं ठरवलंय. यलो फीवरची लस साठीनंतर धोक्याची असते असं ऐकलं. घेऊ की नको?

काका, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलंत, कारण याचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं चुकीचं होईल.

यलो फीवरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या व्हायरसची आहे. मॅक्स थायलर यांनी ती बनवली आणि त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं, एका डोसात बहुतेकांना आयुष्यभराचं संरक्षण देणारी उत्तम लस. पण पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये फार क्वचित हा लसीचाच व्हायरस शरीरात पसरून यकृत, किडनी किंवा मज्जासंस्थेला धक्का देतो आणि ही शक्यता साठीनंतर वाढते. तरीही ती कमीच असते, पण तुमच्यासारख्यांच्या बाबतीत डॉक्टरने थांबून विचार करायचा तो यासाठी.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. हाउलर माकडं या आजाराला इतकी नाजूक असतात की जंगलात ती मरून पडायला लागली की आरोग्य खातं सावध होतं, माणसांत साथ यायच्या आधीची ती खूण असते. ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ च्या साथीत असंच झालं, माकडं मोठ्या संख्येने मेली. तुम्ही नेमके त्याच माकडांजवळ, त्याच डासांत राहणार. माकडाला हात लावून हा होत नाही, डास चावून होतो, पण दोघांना चावणारे डास तेच.

म्हणून मी असं करेन. केंद्र नकाशावर नेमकं कुठे आहे ते शोधा, कारण एकाच देशात एक भाग धोक्याचा आणि दुसरा, उंचावरचा किंवा किनाऱ्याचा, बिनधोक असं असतं. धोक्याच्या भागात असेल आणि तुमची प्रतिकारशक्ती चांगली असेल तर लस घ्यायच्या बाजूने माझं मत झुकतं. पण थायमस ग्रंथीचा आजार किंवा ऑपरेशन, कॅन्सरचे उपचार, जास्त डोसचे स्टेरॉइड, अंड्याची गंभीर ॲलर्जी यातलं काही असेल तर लस नाही, आणि मग त्या भागात जाऊच नका, दुसरं केंद्र निवडा. बीपीच्या गोळीने सहसा अडत नाही. धोका फारसा नाही, पण वाटेत कुठला तरी देश फक्त कागद मागतो, एवढंच असेल तर लस न देण्याचं वैद्यकीय कारण लिहिलेलं पत्र डॉक्टर देऊ शकतात. ते मान्य करायचं की नाही हे मात्र त्या देशाच्या हातात असतं, वकिलातीत आधी विचारून ठेवा.

लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते. सर्टिफिकेट म्हणून जी पिवळी पुस्तिका देतात तिच्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे, शिक्का आणि सही आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. पूर्वी ते १० वर्षं चालायचं, ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं, जुनं असेल तरी.

प्रश्न : आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या एका केंद्राने टीबीची टेस्ट, गोवर, पोलिओ, हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू इतक्या सगळ्याचे पुरावे मागितलेत. यातलं बरंचसं तर माझं लहानपणी झालंय. एवढं कशाला?

यातलं बरंचसं तुमच्यासाठी नाहीच, चिंपांझींसाठी आहे. ते आपल्या इतके जवळचे आहेत की आपला साधा सर्दी-खोकलासुद्धा त्यांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. टांझानियातल्या गोम्बेमध्ये, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल जिथे काम करायच्या तिथे, १९६६ साली चिंपांझींना पोलिओसारखा आजार झाला, हात-पाय लुळे पडले, काही मेले. त्या वेळी आसपासच्या माणसांमध्ये पोलिओची साथ होती. रवांडात १९८८ साली माउंटन गोरिलांमध्ये श्वासाच्या आजाराची साथ आली तेव्हा गोवराचा संशय येऊन त्यांना चक्क गोवराची लस टोचली होती. अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या केंद्रात तर पिल्लू तुमच्या गळ्यात पडून तोंडाशी तोंड लावतं, तिथे टीबी असलेला एक माणूस पुरे.

तेव्हा लहानपणीचं कार्ड शोधून काढा, नसेल सापडत तर गोवर आणि हिपॅटायटिस बीच्या अँटीबॉडी रक्तात बघता येतात. फक्त क्रम सांभाळा, इथे खूप जणांचा घोळ होतो. गोवराची जिवंत लस घेतल्यावर काही आठवडे टीबीची कातडीवरची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून टेस्ट आधी करा किंवा लसीच्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. यलो फीवरची लसही लागणार असेल तर ती आणि गोवराची यांच्यात शक्यतो महिनाभर अंतर ठेवा. आणि तिकडे गेल्यावर नाक गळायला लागलं तर सुट्टी घ्या, लपवून कामावर जाऊ नका. जंगलातल्या वानरांपासून निदान ७ मीटर, आता बऱ्याच ठिकाणी १० मीटर लांब राहायला सांगतात, तेही मास्क लावून, ते याच्यासाठीच.

प्रश्न : आम्ही दोघं युरोपात शेळ्या-मेंढ्यांच्या फार्मवर पिल्लं व्हायच्या सीझनला जातोय. मला तिसरा महिना आहे. कुठल्या लसी घेऊन जाऊ म्हणजे बाळाला धोका राहणार नाही?

बाई गं, बाळाचा हा धोका घालवेल अशी लस नाहीये. हा सीझन तुम्ही जाऊ नका. व्यायला आलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या वारेत आणि पाण्यात क्यू फीवरचे जंतू, टोक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया आणि मेंढ्या गाभडायला लावणारा क्लॅमिडिया असं काय काय असतं, आणि यातलं प्रत्येक गर्भावर जाऊ शकतं. क्यू फीवरचे जंतू तर धुळीबरोबर हवेतून जातात, नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० मध्ये शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यांमधून आजूबाजूला पसरून चार हजारांवर लोक आजारी पडले होते, त्यातले कितीतरी शेळीच्या जवळही गेलेले नव्हते. नुसतं पिल्लांना हात लावणार नाही, बाटलीने दूध तेवढं पाजेन, असंही नको. नवऱ्याने गेलं तर गोठ्यातले कपडे, बूट घरात आणायचे नाहीत.

त्यांच्यासाठी एक, फार्म मध्य युरोपात किंवा बाल्टिक देशांकडे असेल तर गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस आहे, तिचे तीन डोस बरेच महिने चालतात पण घाईचंही वेळापत्रक असतं. हा व्हायरस शेळीच्या न उकळलेल्या दुधातूनही येतो, फार्मवरचं कच्चं दूध आणि त्याचं चीज दोन्ही टाळा.

प्रश्न : सगळ्या लसी घेतल्या तर मग बिनधास्त काम करता येईल ना?

नाही. ज्यांच्यावर माणसासाठी लसच नाही किंवा सहज मिळत नाही असे आजार प्राण्यांच्या कामात बरेच आहेत. ब्रुसेला घ्या, गुरं-शेळ्या गाभडतात तो. त्याची माणसासाठी लस नाही, जनावरांची आहे, आणि ती जिवंत जंतूंची आहे. शेळीला टोचताना ती ऐन वेळी झटका देते, सुई तुमच्या अंगठ्यात जाते, थेंबभर रक्त येतं, तुम्ही बोट चोखून पुढच्या शेळीकडे वळता. त्या थेंबाबरोबर आत गेलेला ब्रुसेला महिन्याभराने ताप, घाम, सांधेदुखी घेऊन उगवू शकतो. तेव्हा सुई लागली की काम थांबवा, धुवा, आणि बाटलीवर लसीचं नाव काय लिहिलंय त्याचा फोटो काढून डॉक्टरकडे जा, कारण आरबी-५१ नावाच्या लसीतल्या जंतूवर रिफॅम्पिसिन चालत नाही, औषध त्याप्रमाणे बदलावं लागतं.

मकाक जातीच्या माकडांचा बी व्हायरस हा दुसरा. माकडाला त्याचं फारसं काही होत नाही, ओठावर एखादा फोड येतो, माणसाला झाला तर मेंदूवर जातो आणि उपचार वेळेत नाही मिळाले तर बहुतेक जण दगावतात. फार दुर्मिळ आहे, पण १९९७ साली अमेरिकेत एका संशोधन केंद्रात काम करणारी तरुणी नुसती डोळ्यात माकडाकडून काहीतरी उडाल्याने गेली, तेव्हापासून डोळ्यांवर चष्मा हवाच असं झालं. मकाक चावला की म्हणून रेबीजबरोबर याचंही विचारायचं, यावर अँटीव्हायरल गोळ्या लगेच सुरू करता येतात. लेप्टोस्पायरोसिससाठी रबरी बूट आणि पायावरच्या जखमा झाकणं. मलेरियाच्या आता आलेल्या लसी त्या भागातल्या लहान मुलांसाठी आहेत, तुम्हाला गोळ्याच घ्याव्या लागणार.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी परदेशातल्या सेंटरवर माकडाने हाताला ओरबाडलं, थोडं रक्त आलं होतं. मी कुठलीच लस घेतलेली नाही. आता जखम भरली, मी ठीक आहे. एवढे दिवस झाल्यावर काही करायची गरज आहे का?

आहे, आणि हे उत्तर छापून यायच्या आधीच तुला कळवलंय, तरी बाकीच्यांसाठी लिहिते. रेबीजची लक्षणं साधारण दोन-तीन महिन्यांत दिसतात, कधी आठवड्यात तर कधी वर्षाने, त्यामुळे जखम भरली याला काही अर्थ नाही. लक्षणं आलेली नसतील तोवर उपचार सुरू करायला उशीर झाला असं धरत नाहीत. नुसता बिनरक्ताचा ओरखडा असता तर लसीवर भागलं असतं, तुझ्या हातातून रक्त आलं होतं म्हणून लसही आणि सिरमही. सिरम लसीच्या पहिल्या डोसबरोबर, नाहीतर त्यानंतर सात दिवसांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर नाही देत, तेव्हा ते कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे याचे फोन करूनच निघ. जाताना तारीख, देश, माकडाची जात, जखम कुठे झाली होती हे एका कागदावर लिहून ने, भरलेली असली तरी सिरम त्याच जागी टोचतात. ते मकाक होतं का हे सेंटरला मेल करून विचार, आणि येत्या काही दिवसांत ताप, डोकेदुखी, त्या हाताला मुंग्या किंवा फोड आले तर वाट न बघता हॉस्पिटलला जा आणि माकडाचं पहिल्याच वाक्यात सांग, कारण तुला कुणी आपणहून विचारणार नाही.